भंगारवाल्या बाईनं विकलेले मणी

एसटीत चढून मी कंडक्टरला "एक विंझर द्या" एवढंच म्हणाले, तरी पुढच्या सीटवरची माणसं वळून बघतात. चेहरा त्यांच्या ओळखीचा नसतो, आवाज असतो. मग त्यांच्यातलं एखादं धीट माणूस विचारतंच, "ताई, तुमी भंगारवाल्या का?" मी हो म्हणते. नाही म्हणून उपयोग नसतो, कारण नाही म्हणायलाही तोच आवाज वापरावा लागतो.

मी भंगार विकत नाही आणि घेतही नाही. मी जाहिराती करते, कानानं ऐकायच्या. नसरापूरच्या बाजारपेठेत एका खोलीत माझी एजन्सी आहे. ती सुरू केली तेव्हा वरव्याला, माझ्या सासरच्या गावी, एजन्सी म्हणजे गॅसचीच असणार असं धरून शेजारच्या दोघीजणी पुस्तक घेऊन नंबर लावायला आल्या होत्या. आता खोलीत एक कॉम्प्युटर आहे, एक बरा माईक आहे आणि चारी भिंतींवर गोधड्या टांगलेल्या आहेत. गोधडीइतका आवाज गिळणारं दुसरं काही मला अजून परवडलेलं नाही. समोरच्या रस्त्यावरून हॉर्न वाजवत जाणारा डंपरसुद्धा गोधडीत जरा मवाळ होतो.

भंगाराचं असं झालं की नामदेव नावाचे एक टेम्पोवाले, आमच्याच वरव्याचे, एकदा माझ्याकडं आले. त्यांनी नुकता भंगाराचा धंदा सुरू केला होता आणि दिवसभर ओरडून घसा बसला होता. मी शेजारधर्म म्हणून त्यांना जुना पत्रा, मोडके कूलर, फुटक्या बादल्या, बंद पडलेल्या मोटारी असं एका दमात रेकॉर्ड करून दिलं. ते एका पेनड्राईव्हवरून दुसऱ्यावर गेलं, तिथून तिसऱ्यावर. आता भोर आणि वेल्ह्याच्या ज्या खोऱ्यात भंगाराची गाडी शिरते तिथं मीच बोलत असते. माझी नणंद लग्नात ओळख करून देताना आधी हेच सांगते. मी रागवायची, मग सोडून दिलं. या दोन तालुक्यांत माझ्याइतका ऐकला गेलेला आवाज दुसरा नसेल, आणि ही फुशारकी मी बिनधास्त मारते.

धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. गाडीवरच्या भोंग्यातून जाड आवाज जातच नाही, तो गळून पडतो. लांब वाक्य अर्धं ऐकू येतं तोवर गाडी पुढच्या वळणावर गेलेली असते. विंझरच्या पुढं तर डोंगर आपलंच बोलणं आपल्याला परत देतो आणि दोन वाक्यं एकमेकांच्या अंगावर चढतात, म्हणून तिथं थांबून थांबून बोलावं लागतं. वस्तूचं नाव आधी की दुकानाचं आधी, भाव सांगायचा की नाही, गाणं किती वेळ वाजवायचं, या सगळ्याला काही एक हिशोब असतो. मोबाईलवर पाठवायची जाहिरात अगदीच निराळी. ती माणूस कानाशी धरून ऐकतो. तिथं ओरडलं तर तो पुढचं ऐकत नाही. भोंग्यासाठी बोलताना मी उभी असते आणि मोबाईलसाठी बोलताना बसते, एवढं साधं मी शिकाऊ पोरींना सांगते.

शैलाताई माझ्याकडं आल्या त्या गणपती उठल्यानंतर. त्यांचं बाजारपेठेतच हस्तकलेच्या सामानाचं दुकान आहे. लोकर, क्रोशाच्या सुया, काचेचे मणी, टिकल्या, भरतकामाचं मॅटीचं कापड, रेशमाच्या लडी, लेस, सगळं. आमच्या भागात लग्नात रुखवत मांडायची हौस मोठी. मुलीनं आणि तिच्या घरच्या बायकांनी हातानं केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या, मण्यांची महिरप, लोकरीचं तोरण, विणलेलं तुळशीवृंदावन, आणि वरपक्षाच्या बायकांनी ते वाकून वाकून बघायचं. या हौशीवर शैलाताईंचं दुकान चाललं होतं. अलीकडं पुण्याहून तयार रुखवत भाड्यानं मिळायला लागलं. गाडीतून येतं, टेबलावर लागतं, संध्याकाळी परत जातं. तेच तेच वृंदावन एका गावाच्या लग्नातून दुसऱ्या गावाच्या लग्नात हिंडताना मी स्वतः पाहिलं आहे.

दुकानाचा गाळा त्यांच्या थोरल्या दिरांच्या नावावर होता. त्यांना सगळे आबा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मुलाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं आणि शैलाताईंच्या गाळ्यात गिऱ्हाईक दिसत नव्हतं. आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तुळशीची लग्नं लागेपर्यंत बघतो, मग टेप घेऊन येतो आणि काउंटरचं माप घेतो. शैलाताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. पिशवीतून लोकरीचा एक गुंडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे ऐकवता येतं का बघा. बघायला तर कुणी येत न्हाई."

मी येतं म्हणून सांगितलं. कसं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. डोळ्यांनी निवडायची वस्तू कानातून विकायची म्हणजे साखरेचा वास सांगण्यासारखं होतं, पण एकदा हो म्हटलं की माघार घ्यायची माझी रीत नाही.

पहिली जाहिरात मी माझ्या सवयीनं केली. सनई, मग माझा आवाज, मग सामानाची यादी, मग दुकानाचा पत्ता. पोलीस ठाण्यातून भोंग्याची परवानगी घेतली, नामदेवांचा टेम्पो धुऊन घेतला, शैलाताईंनी त्याला लोकरीची तोरणं बांधली. आम्ही तिघं विंझरला गेलो. गावात शिरताना मी भोंगा सुरू केला आणि घराघरातून बायका बाहेर आल्या. शैलाताईंचा चेहरा फुलला. मग बायका जवळ आल्या तेव्हा एकीच्या हातात भोक पडलेलं घमेलं होतं, दुसरीच्या हातात मोडक्या खुर्चीचा सांगाडा, आणि एक म्हातारबाबा ढकलत ढकलत कुलूप गंजलेली पत्र्याची पेटी घेऊन येत होते. सनई त्यांनी ऐकलीच नव्हती. माझा आवाज ऐकला होता.

आम्ही भंगार घेत नाही म्हटल्यावर म्हातारबाबा खरोखरच चिडले. "मग कशाला बोलावलं?" असं त्यांनी मला सरळ विचारलं. पेटी परत ढकलत नेण्यात त्यांना मदत करावी लागली आणि ती नामदेवांनीच केली. येताना टेम्पोत शैलाताईंनी तोरणं सोडून मांडीवर घेतली होती. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. इतकी वर्षं कमावलेला आवाज, आणि मणी विकायला तो बाद ठरला. माझ्या आवाजाला या खोऱ्यात एकच माल चिकटला होता.

घरी माझ्या मालकांनी समजूत घातली, की पैसे परत कर आणि विषय संपव. मी म्हटलं, विषय आता सुरू झालाय.

तर माझा आवाज नको, मग कुणाचा? शैलाताईंनी सुचवलं की त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईकाचा घेऊ. गुंजवण्याच्या हिराबाई. धरणात जमीन गेली, वरच्या अंगाला घर बांधलं, भाताची खाचरं थोडी राहिली, पण हातातली क्रोशाची सुई या बाईनं कधी ठेवली नाही. घरातल्या सगळ्या मुलींचं रुखवत त्यांनीच केलेलं. मलाही कल्पना आवडली. आम्ही जाऊन त्यांचा आवाज घेतला, आणि सुरुवातीला माझ्याकडच्या एका शिकाऊ मुलीच्या आवाजात भोंग्यावरून ठसक्यात जाहीर केलं, की गुंजवण्याच्या हिराबाई काय म्हणतात ते ऐका.

यात काय चुकलं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं लग्नात माईकवरून पाहुण्यांची नावं घेतात. कुणाचं आधी, कुणाचं मागून, यावर माणसं जेवायची थांबतात. भोंग्यातून नाव येणं म्हणजे मान. आणि मान एकट्याला मिळाला तर तो उरलेल्यांकडून काढून घेतल्यासारखा असतो. मी स्वतः कितीतरी लग्नांत माईक धरलेला, मला हे पाठ असायला हवं होतं. पण मी त्याला जाहिरात समजत होते आणि लोक त्याला पुकारा समजले. हिराबाईंच्या तिन्ही जावांनी, मग त्यांच्या भावकीनं, मग साखर गावाच्या अंगाच्या वाड्यांत दिलेल्या त्यांच्या लेकींनी शैलाताईंच्या दुकानाकडं पाठ फिरवली. होतं ते गिऱ्हाईकही गेलं. तुळशीची लग्नं जवळ येत होती.

मी हिराबाईंकडं गेले. एकटीच गेले, कारण शैलाताई आता मला पुरे झालं म्हणत होत्या. भाताची कापणी चालली होती, पण हिराबाईंच्या पायाला लागलं होतं म्हणून त्या ओसरीवर बसल्या होत्या. समोर स्टीलचं ताट, ताटात मणी, हातात महिरपीचं काम. त्यांनी मला पाणी दिलं आणि मग झाडायला सुरुवात केली.

"तुमी माझं नाव घेतलं," त्या म्हणाल्या, "थोरल्या जावंचं न्हाई घेतलं. म्या काय तिच्या म्होरं चालनारी हाय व्हय? तिनं मला सुई धरायला शिकवलं. आता ती माझ्या घरचं पाणी पीत न्हाई. मणी कुणाला पायजेत मग?"

मी ऐकून घेतलं. त्या बोलत होत्या आणि हात थांबत नव्हते. रागाच्या भरात ताटातून मूठभर मणी उचलायच्या, नको ते परत टाकायच्या, दोरा दातानं तोडायच्या. मी निघाले तेव्हा त्यांचं बोलून संपलं होतं, महिरपीची एक कडा पुरी झाली होती.

आता माझी एक खोड आहे. मी कुणाकडं कामाला गेले की पिशवीतला रेकॉर्डर चालू करून ठेवते. खोऱ्यातलं पाणी, कोंबडे, जात्या-येत्या गाड्या, असं काही मिळालं तर उपयोगी पडतं. दुसऱ्या दिवशी खोलीत बसून मी ते ऐकायला लावलं. हिराबाईंचे शब्द मला पाठच होते, म्हणून मी शब्दांकडं लक्ष दिलं नाही. शब्दांच्या खाली एक आवाज होता. मणी ताटात पडताना होतो तो, आधी सरसर, मग एकेक टण टण करत गडगडत कडेला जाणारे. नामदेव दारात भाड्याचं विचारायला आले होते. ते बोलता बोलता थांबले आणि मान तिरकी करून म्हणाले, "हे काय वाजतंय? लई गोड लागतंय."

मला तेवढं पुरे होतं. साखरेचा वास सांगता येत नाही, पण साखर ताटात ओतल्याचा आवाज घरातल्या पोराला स्वयंपाकघरात घेऊन येतोच.

मी पुन्हा गुंजवण्याला गेले. या वेळी आधी थोरल्या जाऊबाईंच्या दारात. त्यांनी मला बस म्हटलं नाही, मी बसले. झाली ती चूक माझ्या एजन्सीची, हिराबाईंची नाही, हे सांगितलं. मग म्हटलं, आता कुणाचंच नाव घ्यायचं नाही, फक्त तुमच्या हातांचे आवाज घ्यायचे, आणि वाटलं तर एकेक वाक्य. त्यांनी मग विचारलं, "पण पहिला आवाज कुणाचा?"

"ताटाचा," मी म्हणाले.

त्या हसल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. दोघी जावा त्या दुपारी एका ओसरीवर बसल्या. अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या, माझ्यामार्फत बोलत होत्या, पण हिराबाईंनी ताट मध्ये सरकवलं आणि थोरलीनं त्यातले मणी घेतले.

त्यानंतर मी वाड्यावाड्यांतून हिंडले. भात झोडपून झालं की बायका दुपारच्या सावलीला बसत, तेवढ्यात काम उरकायचं. कात्री मॅटीच्या कापडातून जाते तो आवाज घेतला, लेसचं रीळ सुटतं तो घेतला, विणताना बांगड्या सुईवर आपटतात तो घेतला. वाक्यंही घेतली. वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी लोकर बोटात चोळून म्हणाली, "ही आमच्या मेंढीची न्हाई, पर मऊ हाय." एक लग्न ठरलेली मुलगी म्हणाली, की भाड्याचं रुखवत माझ्या सासूच्या मोठ्या मुलीच्या लग्नात येऊन गेलंय, मी ते परत मांडू का? एकीनं नुसतंच, टाका चुकल्यावर आपण जसं जिभेनं च्च करतो, तसं केलं. ते मी शेवटपर्यंत काढलं नाही.

गाडीच्या भोंग्यात कात्री हरवून गेली. बारीक खरखर होती, भोंग्यानं खाल्ली. लोकर तर वाजतच नाही. म्हणून भोंग्यासाठी ताट, बांगड्या आणि वाक्यं ठेवली, आणि कात्रीची जाहिरात मोबाईलवरच्या गटांत पाठवली, कानाशी धरणाऱ्यांसाठी. शेवटी पत्ता सांगायला आवाज हवा होता. सवयीनं मी माईकसमोर उभी राहिले, मग बाजूला झाले आणि शैलाताईंना उभं केलं. त्या अडखळल्या. "नसरापूरला, बाजारपेठेत," आणि मग मध्येच श्वास घेऊन, "मी दुकानातच असते." मी ते दुसऱ्यांदा घेतलं नाही.

अजून एक गोष्ट केली, ती नामदेवांना पटली नव्हती. गावात शिरताना भोंगा बंद ठेवायचा. गाडी मधोमध उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि काहीच वाजवायचं नाही. भोंगा लावलेली गाडी गप्प उभी आहे म्हटल्यावर माणसं आपोआप बघायला येतात, की झालंय काय. मग त्या शांततेत ताटात मणी ओतायचे.

विंझरला तेच म्हातारबाबा आले. या वेळी हात रिकामे होते. ताटाचा आवाज ऐकून ते तिथंच उभे राहिले, बायका जमल्या, आणि एक वाक्य संपल्यावर कुणीतरी म्हणालं की ही आपल्याच आळीतली हाय. पुढच्या वाडीतही तेच म्हणाले. गुंजवण्यात तर दोन घरांत च्च करणारी आपलीच, यावर बोलाचाली झाली. नाव नसल्यामुळं प्रत्येक वाडीनं तो आवाज घरचा समजला. मान सगळ्यांना मिळाला आणि कुणाचा गेला नाही.

पण ऐकणं वेगळं आणि दुकानात येणं वेगळं. तुळशीची लग्नं लागली. त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी मी शैलाताईंच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मला काही काम नव्हतं, पण खोलीत बसवेना. सकाळी कुणी आलं नाही. मग आबा आले, हातात टेप. शैलाताईंनी स्टूल बाजूला केलं. आबांनी भिंतीला टेप लावली, मुलाला फोनवर माप सांगितलं, आणि दुसऱ्या भिंतीकडं वळले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

तेवढ्यात विंझरकडून आलेली जीप बाजारात थांबली. मग वेल्ह्याची एसटी. बायका आधी भाजी घेतील, मग इतर, असं मला वाटलं होतं. त्या सरळ इकडं आल्या. गुंजवण्याच्या दोघी जावा सगळ्यांच्या पुढं होत्या, थोरली अर्धं पाऊल पुढं. "ताटात वाजत्यात ते मणी द्या," असं म्हणाल्या. मागून कुणीतरी कात्रीनं कापताना आवाज येतो ते कापड मागितलं. लग्न ठरलेली मुलगी आईला घेऊन आली होती. शैलाताई एकाच वेळी मणी मोजत होत्या, लडी काढत होत्या, स्टुलावर चढत होत्या, आणि काउंटरवरची लाकडी मोजपट्टी सामानाखाली कुठं गेली ते सापडत नव्हतं. मीही आत शिरून रिळं काढून द्यायला लागले.

आबा कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. बाहेर पडायला वाट नव्हती. हिराबाईंच्या हातात लेसचं रीळ होतं. त्यांनी आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अवो, टेप हातात हाय नव्हं," त्या म्हणाल्या, "मग मोजा की. महिरपीला कडंनं फिरंल एवढी द्या."

आबांनी शैलाताईंकडं पाहिलं. शैलाताई स्टुलावर होत्या, पाठमोऱ्या. मग आबांनी लेसचं टोक टेपला लावलं आणि लेस मोजली. ती कापली, तर त्या मुलीच्या आईनं रिबन पुढं केली. मग आणखी कुणी. दुपार होईपर्यंत आबा मोजत होते आणि दोनदा तर त्यांनी जास्तीची बोटभर सोडलीही.

गर्दी ओसरल्यावर ते पायरीवर येऊन टेकले. मी दमलात का असं विचारलं, तर माझ्याकडं एकदम निरखून बघायला लागले.

"तुमी भंगारवाल्या का?"

मी हो म्हटलं. जिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, त्या जाहिरातीत माझा एक शब्द नाही, आणि जी मी फुकटात करून दिली ती मला जन्मभर पुरणार आहे. हे थोडं लागतं, खोटं कशाला बोलू. आबांनी घरी जुना कूलर पडलाय म्हणून सांगितलं आणि गाडी कधी येते ते विचारलं. मी नामदेवांना सांगते म्हणाले.

मग आबा उठून घरी गेले. टेप काउंटरवरच राहिली. ती न्यायला ते आले नाहीत आणि शैलाताईंनीही पाठवली नाही. त्या लेस अजून त्याच टेपनं मोजतात.